बिब्ब्याचा डाग किती दिवस राहतो

माझी मोठी जाऊ गेली, त्याला आता वर्ष होऊन गेलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने जीव टांगणीला लावून बसायला नको. मी तशी बसले होते, त्याचा काही उपयोग होत नाही. मला सांगायचंय ते तिच्या डाव्या टाचेबद्दल, आणि त्या टाचेवर मी माझ्या हाताने घातलेल्या बिब्ब्याबद्दल.

आम्ही दोघी जावा, वटारच्या वाडीत राहणाऱ्या. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही पाठोपाठ गेले. मग घरात उरलो आम्ही दोघी, आणि बाहेर केळी, थोडा भाजीपाला आणि सोनचाफ्याची सात झाडं. तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, सातिवलीला एका कारखान्यात सुपरवायझर. त्याची बायको मुंबईला ऑफिसात जाते. दोघं विरारला फ्लॅटमध्ये राहतात. माझ्या मुली आपापल्या घरी. मोठी जाऊ खाडीकाठच्या गावची, भात आणि मीठ पिकवणाऱ्या लोकांतली. पन्नास वर्षं आमच्याकडे काढली तरी तिचं 'पानी' काही 'पाणी' झालं नाही. मी तिला वहिनी म्हणायची. सुरुवातीला 'तुम्ही' होतं, त्याचं 'तू' कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही.

आता बिब्ब्याचं. वाडीत काम करताना पायात चप्पल घालून चालत नाही. पाटाचं पाणी सोडलं की चप्पल चिखलात राहते आणि माणूस पुढे जातं. त्यामुळे काटा मोडणं हे नेहमीचंच. काटा सुईने काढायचा, आणि टोक आत राहिलंय असं वाटलं तर बिब्बा घालायचा. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला की चुरचुरत त्याचं काळं तेल सुटतं. ते तेल गरम असतानाच त्या जागी टेकवायचं. हात थरथरला तर भलतीकडे लागतं आणि बिब्बा उततो, कातडी फुलून येते. माझा हात थरथरत नसे. घरात बिब्बा घालायचं काम माझ्याकडेच असायचं, सासूच्या वेळेपासून. नवऱ्याला घातला, दिराला घातला, शेजारपाजारच्यांना घातला. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पुढचं वाचायला शिकले ते बियाण्यांच्या पाकिटांवरून आणि मुलींच्या पुस्तकांतून. माझ्यापाशी मिरवण्यासारखं काय होतं, तर हा स्थिर हात.

वहिनीच्या डाव्या टाचेला कुरूप होतं. चालताना टोचायचं. मी त्यावर बिब्बा घातला, काळा डाग पडला, तिला बरं वाटलं. बिब्ब्याचा डाग पडतोच, त्यात बघण्यासारखं काय? काही महिन्यांनी परत टोचायला लागलं, मी परत घातला. तोवर आधीचा डाग तिथेच होता. मी त्याच्यावरच घातला. तिसऱ्यांदाही तसंच. चौथ्यांदा घातला की नाही ते मला खरंच आठवत नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मला सांगता आलं नाही. एवढंच आठवतं, की एकदा ती म्हणाली, "आता चटका लागत नाय गो, टाच बधीर झाली." मी म्हणाले, "बरं झालं की. मेलं कुरूप."

दोन वर्षं असंच चाललं.

मग विरारला पुतण्याच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती. त्याच्या बायकोने आम्हां दोघींना पाटावर बसवलं आणि आमचे पाय ताटात घेऊन धुतले. आजकालच्या मुली कुठे करतात? पण ती करते. वहिनीचा डावा पाय तिने उचलला, तळव्यावरून हात फिरवला आणि थांबली.

"आई, हे काय आहे?"

"बिब्बा," वहिनी म्हणाली. "तुझ्या काकीला विचार. तिचं काम हाय ते."

"कधी घातला?"

मी आठवायला लागले. सहा महिने झाले असतील, आठ असतील.

"बिब्बा एवढे दिवस राहतो?" सुनेने मला विचारलं. खोचून नाही, खरंच विचारलं. ताटातल्या पाण्यात वहिनीचा पाय होता आणि पाण्याला जरासा तांबूस रंग आला होता. कुंकू असेल असं मी मनाशी म्हणाले. कुंकू अजून लावलं नव्हतं.

बिब्बा किती दिवस राहतो, ते मला माहीत नव्हतं. इतक्या जणांना घातला, पण डाग कधी गेला ते कधी कोणाचं पाहिलं नाही. काटा गेला की माझं काम संपलं.

वसईतल्या कातडीच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. डागाच्या कडा ओल्या कागदावर शाई पसरावी तशा पसरल्या होत्या. तेही मला तिथेच पहिल्यांदा दिसलं. त्यांनी जागा बधीर करून तुकडा काढला. वास्तविक बधीर करायची गरज नव्हती, असं वहिनी बाहेर येऊन म्हणाली. तुकडा तपासायला एका छोट्या लॅबमध्ये गेला. दोन दिवसांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज तरुण, माझ्या धाकटीच्या वयाचा.

"मावशी, पेशंटच्या टाचेला काय लावत होता तुम्ही?"

"बिब्बा. मी घालत होते."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही घरच्या कुणाला घेऊन या."

त्याला मेलॅनोमा म्हणतात. कातडीला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांचाच कॅन्सर. आपल्याकडे होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला होतो, जिथे कोणी बघत नाही. डॉक्टरीणबाई हे सगळं पुतण्याला सांगत होती आणि मी तिच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यावर दातांच्या पेस्टची जाहिरात होती. मला रडू आलं नाही. त्या वेळीही नाही आणि पुढेही बरेच दिवस नाही. लोक म्हणायचे, केवढी धीराची बाई. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं.

ती म्हणाली, पुढच्या तपासण्या मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात होतील, ऑपरेशनही तिथेच. त्यासाठी हा तुकडा तुम्हीच न्यायचा. तो मेणात घातलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याच्या केसाहून पातळ चकत्या कापतात, काचेवर बसवतात आणि त्यांना निरनिराळे रंग लावतात. रंग कुठे बसला, किती दाट बसला, किती खोल गेला, यावरून डॉक्टर पुढचा अंदाज बांधतात.

"पुढचा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे परत येण्याची भीती किती, याचा. आणि मावशी, ऊन फार आहे. मेण आहे ते. जपून न्या."

म्हणजे बघा, वहिनी आणखी किती जगणार, हे त्या मेणात होतं, आणि ते मेण माझ्या पिशवीत होतं. मे महिना चालू होता.

घरी आले तर वहिनी ओटीवर वाट बघत बसलेली. "दाखव. माझं मला बघू दे."

मी डबी उघडली. बोटाच्या दोन पेरांएवढी प्लास्टिकची जाळीदार चौकट, त्यावर पांढरं मेण आणि मेणात आमसुलाच्या कपच्यासारखं काहीतरी काळपट.

"एवढंसंच? आनि एवढ्यासाठी मला अर्धा तास पालथं घातलं त्यानं?"

"हात लावू नको वहिनी, मेण आहे."

"मेनात घातलं मला? मंग वात घाल नि लाव देवापुढं."

सून फोनवर म्हणाली, फ्रिजची गरज नाही, पण गारव्याला ठेवा. मी तरी फ्रिज उघडला. आत बोंबील होते. "माझ्या तुकड्याला बोंबलांत ठेवतेस?" वहिनी मागून ओरडली. "मुंबईचा डॉक्टर म्हनेल, ही बाई माशाची हाय." शेवटी डबी स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा माठाजवळच्या ओल्या गोणपाटावर ठेवला. सकाळी पुतण्या गाडी घेऊन आला. मी डबा उचलायला गेले, तर झाकणावर सोनचाफ्याचं एक फूल.

"हे कोणी ठेवलं?"

"एकटं होतं ना ते," वहिनी म्हणाली.

मुंबईला ऑपरेशन झालं. टाचेचा तो भाग खोलवर काढला आणि मांडीची कातडी तिथे लावली. जांघेतून एक गाठ तपासायला काढली, ती स्वच्छ निघाली. तेवढ्यावर आम्ही पेढे आणले. रंगांचा रिपोर्ट काही आठवड्यांनी आला. तिथले डॉक्टर पुतण्याशी पाच मिनिटं बोलले, अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत. बाहेर अडीचशे माणसं तरी बसली असतील, त्यांचा काय दोष? पुतण्याने बाहेर येऊन एवढंच सांगितलं, "लक्ष ठेवायला लागेल, काकी." त्याचा चेहरा त्याच्या बापासारखा झाला होता, शेवटच्या दिवसांतल्या.

मी रिपोर्ट घरी नेऊन शब्दकोश घेऊन बसले. अर्थ लागेना. अक्षरं आणि आकडे, आणि मध्येच 'विखुरलेलं', 'खोलवर', असे दोन-चार शब्द.

ब्लॉक आणि काचा हॉस्पिटलातून परत मिळतात, त्या मूळ लॅबला द्यायच्या असतात. त्या द्यायला मी एकटीच गेले. रिक्षात मांडीवर पिशवी धरून बसले होते. डॉक्टरीणबाईने काचा घेतल्या, एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. बराच वेळ बघत राहिली. मी म्हणाले, "मला दाखवाल का?"

तिने वर बघितलं. मला वाटलं, नाही म्हणेल. ती उठली आणि मला तिच्या खुर्चीत बसवलं.

आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. एक डोळा मिटायची सवय, सुई ओवताना मिटतो ना, तसा. ती म्हणाली, दोन्ही उघडे ठेवा, जरा मागे व्हा. मग दिसलं. गुलाबी, सगळं गुलाबी, आणि त्यात तळाच्या बाजूला लाल.

"हा लाल रंग फक्त कातडीला रंग देणाऱ्या पेशींनाच लागतो," ती म्हणाली. "बऱ्याचदा तपकिरी रंग वापरतात. पण या पेशींत मुळातच काळं-तपकिरी असतं, त्यात तो कळत नाही. म्हणून लाल."

"डागावर डाग कळत नाही," मी म्हणाले.

"बरोबर. आता बघा, साधा तीळ असेल ना, तर हा रंग वरच्या अंगाला दाट असतो आणि खाली जाता जाता विझत जातो. पेशी खाली उतरतात तशा शांत होतात. इथे तसं नाहीये."

नव्हतंच तसं. वरही लाल, मधेही लाल, खालच्या कडेलाही लाल, कुठे पुंजके, कुठे सुटं. तिने दुसरी काच घातली. इथे लाल ठिपके. हे वाढीला लागलेल्या पेशींचे, ती म्हणाली. ते विरळ असले तर बरं. मी पाहिले. आमच्या वाडीत पालकाचं बी हातातून एकदम सांडलं की कसं उगवतं, तसे ते होते. असं उगवलं की आम्ही विरळणी करतो.

"म्हणजे परत येईल," मी म्हणाले.

"येऊ शकतं. हा अंदाज असतो, मावशी. असा रंग असलेली माणसं चांगली राहिलेली मी पाहिलीत. पण काळजी करण्यासारखा आहे, खोटं नाही सांगत."

मी मान हलवली. मला अजूनही काही वाटत नव्हतं. काहीतरी विचारायचं राहिलं होतं, ज्यासाठी मी एकटी आले होते.

"आणि माझा बिब्बा?"

तिने सगळ्यात पहिली काच शोधून काढली, तिच्याच लॅबमध्ये बनवलेली. चाक फिरवलं. "हे वर बघा. टाचेची मेलेली कातडी, जाड थर. त्यात हा करपल्यासारखा पट्टा दिसतो?"

दिसला. पातळ, वेडावाकडा, तव्याला लागलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा.

"हा तुमचा. तो इथेच संपतो. आजार खाली आहे, आणि मध्ये बघा, केवढी जागा मोकळी आहे. बिब्ब्याने हे झालं असं मला दिसत नाही."

"पण त्याच्यामुळे खालचं दिसलं नाही."

तिने परत एकदा काचेत पाहिलं. चाकावरचा हात तसाच. मग म्हणाली, "हो. ते झालं असणार."

तिने चहा मागवला. मी प्यायले. साखर फार होती. बिस्किटही खाल्लं.

घरी पोहोचले तेव्हा वहिनी ओटीवर पाय स्टुलावर ठेवून वालाच्या शेंगा सोलत होती. रिक्षात मी दहा तऱ्हांनी जुळवत आले होते, काय सांगायचं आणि काय गाळायचं.

"काय म्हनते काच?"

"रंग खालपर्यंत गेलाय."

"म्हंजे?"

"म्हणजे परत येऊ शकतं. येईलच असं नाही म्हणाली. पण येऊ शकतं."

तिने एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "आनि?"

"आणि वर माझा बिब्बा दिसला. त्याने झालं नाही. पण त्याच्याखाली ते झाकून राहिलं. दोन वर्षं मी वरून वरून लावत राहिले वहिनी, आणि एकदाही नीट बघितलं नाही."

बोलून झालं. केळीत कोणीतरी पंप चालू केला होता, त्याचा आवाज येत होता.

"पाय कोनाचा होता?" ती म्हणाली.

"तुझा."

"मंग मी तरी कुठं बघितला? स्वतःची टाच कोनाला दिसते गो." आणखी दोन शेंगा झाल्या. "मला वाटलं, तू बघतेस."

हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

मग तिने स्टुलावरचा पाय खाली घेतला आणि दुसरा, उजवा, वर ठेवला. "हा बघ आता. सगळा भार याच्यावरच पडतो. सकाळपास्नं काटा टोचतोय."

मी चष्मा लावला. शिंदीचा काटा होता. सुईने काढला, पण टोक आत राहिल्यासारखं वाटत होतं.

"बिब्बा घाल."

"नाही."

"घाल म्हनते ना."

"डॉक्टरकडे जाऊ उद्या. मी आता नाही घालत कोणाला."

"काट्याला डॉक्टर? मुंबईला नेऊन मेनात घालशील मला परत." तिने टाच पुढे केली. "घाल. दुसरं कोन घालनार मला?"

मी दिवा लावला. बिब्बा सुईला टोचून धरला, तेल चुरचुरायला लागलं. माझा हात थरथरत होता, आयुष्यात पहिल्यांदा. तिने माझं मनगट धरलं आणि दोघींनी मिळून टेकवला. "लागला," ती म्हणाली, "चांगला चटका लागला," आणि हसली.

मग मी आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने टिंब काढलं.

पुढचं थोडक्यात सांगते. माघात तिच्या जांघेत गाठ आली, काचेने सांगितलं होतं तशी. इंजेक्शनं झाली, मुंबईच्या फेऱ्या झाल्या, मधले काही महिने ती चांगली होती, वाडीतून चाफा तोडून आणण्याइतकी. मग नव्हती. ती गेली तेव्हा अंघोळ घालताना तिचे पाय माझ्याकडे होते. मी दोन्ही टाचा नीट बघितल्या. सवय लागली होती.

पण मला सांगायचंय ते त्या पेन्सिलीच्या टिंबाचं. बिब्बा घातला त्या दिवसापासून रोज सकाळी चहाआधी ती उजवा पाय स्टुलावर ठेवायची, मी चष्मा लावायची. पहिले काही दिवस डाग काळा कुळकुळीत होता. मग चिंचोक्याच्या रंगाचा झाला. मग कडा सुटायला लागल्या, वरची कातडी पापुद्र्याने निघाली, खालून गुलाबी टाच दिसायला लागली. मी बोट फिरवून बघायची, खाली काही राहिलंय का. ती विचारायची, "हाय?" मी म्हणायची, "आहे." तेवढंच बोलणं आमचं, पायाबद्दलचं.

एका सकाळी काहीच नव्हतं. मी उजेडाकडे पाय वळवून पाहिला, दोनदा.

"गेला का?"

"गेला."

"मंग हा खरा बिब्बा," ती म्हणाली, आणि पाय खाली घेऊन चहा मागितला.

मी कॅलेंडरवर दिवस मोजले. एकोणीस. पन्नास वर्षं बिब्बा घातला मी लोकांना, आणि त्याचा डाग एकोणीस दिवसांत जातो, हे मला त्या दिवशी कळलं.